परसातले पाणी आणि खोदणाऱ्याचा ठेका: बेंगळुरूतील एका व्यवसायाचा इतिहास

बेंगळुरू हे कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी वसलेले शहर नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील पठाराच्या कण्यावर ते उभे असून त्याच्या पश्चिमेकडचे पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला, तर पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीला मिळते, आणि त्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही उतारांनी निघून जाण्याआधी जमीन खोदून अडवणे हाच येथील वस्तीचा आधार राहिला. जेथे पाणी खोदून मिळवायचे असते तेथे खोदणारा माणूस नेमावा लागतो, त्याच्याशी मोबदला ठरवावा लागतो, झालेले काम मोजावे लागते आणि पुढे ते कोणी राखायचे हेही आधीच बोलावे लागते. आज शहराच्या सधन उपनगरांत घरामागच्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव बांधण्यासाठी ठेकेदाराशी जो करार होतो तो या दीर्घ परंपरेतला अलीकडचा टप्पा आहे. या परंपरेत कराराचे स्वरूप कसकसे बदलले, आणि प्रत्येक बदलाबरोबर खोदणाऱ्याचा पाण्याशी असलेला संबंध कसा सैल होत गेला, हे पाहिल्याशिवाय शहराच्या पाण्याचा इतिहास पूर्ण होत नाही.

या प्रदेशातील सर्वांत जुन्या नोंदी शिलालेखांत आहेत. आज शहराच्या आग्नेय भागात मोडणाऱ्या आगरा येथील गंग राजवंशाच्या काळातील, नवव्या शतकातल्या लेखात इरुगमय्या नावाच्या अधिकारी पुरुषाने दोन तळ्यांना पाणी सोडण्याची तोंडे बसवली व तिसरे तळे नव्याने बांधले, आणि त्याबद्दल त्याला तळ्यांचे ‘बित्तुवट’ मिळाले, अशी नोंद आहे. बित्तुवट म्हणजे तळे बांधणाऱ्याला किंवा राखणाऱ्याला त्याच तळ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीत मिळणारा हक्क. पुढच्या शतकांत ‘केरे-कोडगे’ या नावाने अशाच जमिनी तळ्याच्या देखभालीसाठी लावून दिल्या जात, आणि मराठी वाचकाला परिचित असलेल्या इनामांशी या व्यवस्थेचे जवळचे नाते आहे. मोबदला पाण्यावरच अवलंबून असल्यामुळे तळे फुटले किंवा गाळाने भरले तर बांधणाऱ्याचेही नुकसान होई. काम पूर्ण होताच हात झटकून निघून जाण्यास या करारात जागा नव्हती, आणि हेच त्याचे खरे बळ होते. मात्र हा हक्क मिळे तो इरुगमय्यासारख्या सत्ताधारी माणसाला. प्रत्यक्ष टिकाव चालवणाऱ्यांची नावे शिलेवर आली नाहीत.

त्या हातांची संख्या तरी एका लेखात सापडते. आंध्रातील कडप्पा भागातल्या पोरुमामिळ्ळ येथे विजयनगरचा राजपुत्र भास्कर याने बांधलेल्या तलावाचा इ.स. १३६९ चा लेख आहे, आणि त्यात एक हजार मजूर व शंभर गाड्या दोन वर्षे कामावर होत्या असे सांगून चांगल्या तलावाची लक्षणे व त्याचे दोषही नोंदवले आहेत. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने कृष्णदेवरायाच्या मोठ्या तलावाचे काम स्वतः पाहिले. त्याच्या वृत्तांतानुसार तेथे पंधरा-वीस हजार माणसे राबत होती आणि राजाने बांधाचे भाग आपल्या सरदारांत वाटून देऊन आपापल्या माणसांकडून काम करून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. मूळ कामाचे तुकडे करून ते मधल्या माणसाकडे सोपवण्याची ही रीत, म्हणजे आजच्या भाषेत पोटठेका, दक्षिणेत किमान पाचशे वर्षे जुनी आहे.

इ.स. १५३७ च्या सुमारास पहिल्या केंपेगौडाने बेंगळुरूची पेठ व किल्ला वसवला, आणि त्याच्या व त्याच्या वंशजांच्या काळाशी परंपरेने जोडलेली धर्मांबुधी, केंपांबुधी व संपंगी ही तळी शहराच्या पोटाला पाणी देत राहिली. इ.स. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६६४ मध्ये शहाजीराजांच्या निधनानंतर ही जहागीर त्यांचे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे गेली आणि १६८७ मध्ये ती म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हाती जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, येथे भोसल्यांचा अंमल होता. त्या काळाची एक ठळक खूण मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वर देवस्थानात आहे. तेथील १६६९ च्या लेखात एकोजीराजांनी बेंगळुरूच्या महानाडाच्या, म्हणजे व्यापारी व स्थानिक प्रमुखांच्या सभेच्या, विनंतीवरून मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लिकार्जुन देवाला दिल्याची नोंद आहे. या देवळासमोरच विसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीखाली गाडली गेलेली दगडी पायऱ्यांची कल्याणी उकरून काढण्यात आली आणि नंदितीर्थ या नावाने आज ती ओळखली जाते. कल्याणी म्हणजे महाराष्ट्रात ज्याला पुष्करणी किंवा बारव म्हणतात तशी पायऱ्यांची बांधीव टाकी. शेतीच्या तळ्याला मातीचा बांध पुरतो, पण कल्याणीला चारी बाजूंनी घडीव दगडाचे थर लागतात, म्हणून माती खोदणारा आणि दगड घडवणारा असे दोन कसबी एकाच कामावर यावे लागतात.

ही दोन्ही कसबे दक्षिणेत प्रामुख्याने एकाच समाजाच्या हाती राहिली. कर्नाटकात त्याला वड्डर, ओड्ड किंवा भोवी म्हणतात, आणि महाराष्ट्रात तोच समाज वडार या नावाने घराघरांत माहीत आहे. माती खोदणारे मण्णु वड्डर, दगड फोडणारे कल्लु वड्डर, असे भेद कर्नाटकात आहेत, तर महाराष्ट्रात माती वडार, गाडी वडार आणि जाती-पाटे घडवणारे पाथरवट असे. घरात तेलुगूशी जवळीक असलेली बोली, अंगणात कन्नड किंवा मराठी, आणि काम जेथे निघेल तेथे पालांची वस्ती, असे या लोकांचे जीवन होते. एडगर थर्स्टन यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतातील जातीजमातींच्या ग्रंथात विहिरी, तळ्यांचे बांध व इतर मातीकाम करण्यात या समाजाइतका वेग दुसऱ्या कोणाला नाही, असे नोंदवले आहे. असा वेग एकट्या शरीरबळातून येत नाही. कोणत्या रंगाच्या मातीखाली मुरूम लागेल, मुरमाखाली कातळ किती खोल आहे, कोणत्या थरात भिंत ढासळेल आणि कोठे ती उभी राहील, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांत साठलेले असते, आणि ते लिहून ठेवण्याची गरज त्या समाजाला भासली नाही म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही.

वड्डरांचे काम कुटुंबाच्या जोरावर चाले. पुरुष टिकावाने माती सैल करी, स्त्रिया पाट्या वाहत आणि लांबची माती गाढवांच्या पाठीवर जाई. टोळीच्या वतीने एक मेस्त्री मालकाशी बोले, उचल घेई, म्हणजे कामाआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम, आणि पुढे ती मजुरीतून वळती होई. या उचलीमुळे टोळी कामाला बांधली जाई. दुष्काळात तिने अनेक कुटुंबे जगवली आणि फिटली नाही तेव्हा तिने त्यांना वेठीलाही जुंपले. मोबदल्याची दोन रूपे होती. संपूर्ण काम एका रकमेत ठरले तर ते उक्ते, आणि खोदलेल्या मातीच्या मापावर ठरले तर ते मोजणीचे. मोजणीच्या कामात एक साधी पण चोख युक्ती वापरली जाते. खड्डा खोदताना मध्ये मध्ये मूळ जमिनीच्या उंचीचे मातीचे खांब न तोडता राखून ठेवतात. जमीन मुळात किती उंच होती याचे ते पुरावे असतात, आणि माप घेऊन झाल्यावरच ते पाडले जातात. मालक आणि मजूर यांच्यात लिखित करार नसला तरी हा मातीचा खांब दोघांनाही मान्य असतो, आणि खोलीवरून होणारा तंटा तेथेच मिटतो.

मालकाने शब्द मोडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र मोजणीत नव्हते. ते लोककथांनी दिले. याच समाजाचे भाईबंद असलेल्या गुजरातेतील ओड लोकांत जसमा ओडणीची कथा आहे. पाटणच्या सहस्रलिंग तलावाच्या कामावर आलेल्या जसमेवर सिद्धराज जयसिंहाची वासना गेली, तिने प्राण दिला आणि तलावाला पाणी राहणार नाही असा शाप दिला, अशी ही कथा भवाई या लोकनाट्यातून आजही खेळली जाते. कन्नडमधील ‘केरेगे हार’ या लोकगीतात गावच्या गौडाने खोदलेल्या तळ्याला पाणी लागत नाही म्हणून धाकट्या सुनेचा, भागीरथीचा, बळी दिला जातो. पहिली कथा खोदणाऱ्यांच्या बाजूने सांगितली आहे, दुसरी मालकाच्या घरातून. पाण्यासाठी कोणाचा तरी देह खर्ची पडतो हे सत्य मात्र दोन्हींनी ओळखले आहे, आणि शिलालेखांनी जे गाळले ते या कथांनी जपले, असे म्हणणे योग्य होईल.

एकोणिसाव्या शतकात कराराचा साचा बदलला. म्हैसूरचे सार्वजनिक बांधकाम खाते १८५६ मध्ये उभे राहिले, आणि १८६४ पासून तेथे मुख्य अभियंता असलेले रिचर्ड सँकी यांनी १८६६ मध्ये असे लिहून ठेवले की या प्रदेशात तळी इतकी दाट आहेत की नव्या तळ्यासाठी जागा शोधणे हे कौशल्याचेच काम ठरेल. त्यांच्याच नावाचे सँकी तळे १८८२ मध्ये पुरे झाले. खात्याच्या कामात मातीकामाचे दर घनफुटांवर बांधले गेले. शंभर घनफुटांचा ब्रास हे माप महाराष्ट्रातील प्रत्येक वाळूवाल्याला व गवंड्याला आजही पाठ आहे. दरात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जात: माती किती उंच उचलावी लागली आणि ती किती लांब वाहून न्यावी लागली. खोदणाऱ्याच्या कष्टाचे असे पृथक्करण होणे ही न्यायाच्या दिशेने मोठी प्रगती होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु मोजमाप पुस्तकात सही झाली की खोदणाऱ्याचा तळ्याशी संबंध संपू लागला. देखभालीसाठी लावलेल्या जमिनींचा जुना बंध सैल झाला, आणि तळ्याची तोंडे उघडून शेतात पाणी वाटणारा नीरुगंटी, म्हणजे खानदेशातील फड पद्धतीच्या पाटकऱ्याचा दक्षिणी सहोदर, हळूहळू निराधार झाला. तळे खात्याचे झाले, आणि जे खात्याचे ते गावाचे राहिले नाही.

१८९४ मध्ये अर्कावती नदीवरील हेसरघट्टा जलाशयातून नळाने पाणी शहरात आले. त्यानंतर १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि १९७४ मध्ये कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, पाचशे मीटरच्या आसपास उचलून, बेंगळुरूत पोहोचले. प्रत्येक टप्प्यावर जवळच्या पाण्याची किंमत उतरत गेली. धर्मांबुधी तळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरडे पडले आणि आज तेथे मॅजेस्टिकचे मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा क्रीडागार उभे राहिले आणि करगा उत्सवासाठी तळ्याचा लहानसा तुकडा तेवढा राखला गेला. तरीही घरांच्या परसातील विहिरींनी बराच काळ तग धरला. १८९८ च्या प्लेगनंतर गजबजलेली पेठ सोडून लोक बसवनगुडी व मल्लेश्वरम या नव्या वसाहतींत राहायला आले, आणि तेथील मोकळ्या आवारांच्या घरांत मागच्या दारी विहीर ही नेहमीची सोय होती. बेंगळुरूच्या पोटात ग्रॅनाइट-नाइस जातीचा कठीण खडक आहे. त्याच्या डोक्यावर झिजून सैल झालेल्या मातीमुरमाचा थर आहे, आणि पावसाचे मुरलेले पाणी याच थरात साठते. वड्डरांची विहीर या उथळ साठ्यावर चाले. पाऊस चांगला झाला की पाणी चढे, उन्हाळ्यात उतरे, आणि वापरणाऱ्याला दररोज दोरीच्या लांबीवरून त्याचा हिशेब कळे.

विंधन विहिरींनी हा हिशेब मोडला. यंत्राने कातळ भेदून शेकडो फूट खालचे, फार सावकाश भरणारे पाणी एका दिवसात वर आणता येऊ लागले तेव्हा वड्डरांना बोलावण्याचे कारण उरले नाही. परसातील विहिरी कचऱ्याने भरल्या गेल्या, त्यांवर लाद्या पडल्या, काहींवर वाहनतळ आले. १९९० नंतरच्या भरभराटीत व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्ता व देवनहळ्ळीकडच्या बंगल्यांच्या वसाहतींत त्याच परसात पोहण्याचे तलाव दिसू लागले. त्यांच्या ठेक्यात जुन्या कामाचे अवशेष ओळखू येतात: आखणी, खोदाई, तळाला काँक्रीटचा थर, लोखंडी गजांची जाळी, काँक्रीटच्या भिंती, पाणी झिरपू नये म्हणून लेप, त्यावर टाइल, आणि शेवटी गाळणयंत्र व क्लोरीनची सोय. पैसे टप्प्याटप्प्याने दिले जातात आणि गळतीची चाचणी होईपर्यंत काही रक्कम मालक हातात राखतो. या कामात मोठा फरक असा की विहीर खोदणाऱ्याचे यश पाणी आत येण्यात असते, तर तलाव बांधणाऱ्याचे यश पाणी आतबाहेर अजिबात न जाण्यात असते. जमीन येथे केवळ भांडे ठेवण्याची जागा उरते आणि पाणी नळातून, बोअरमधून किंवा टँकरमधून आणून ओतले जाते.

पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि सरासरी पाच फूट खोल असा घरगुती तलाव पंधराशे घनफुटांचा, म्हणजे पंधरा ब्रासचा, होतो आणि त्यात सुमारे ४२,००० लिटर पाणी मावते. बेंगळुरूत वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; हजार चौरस फुटांच्या छपरावर त्यातून वर्षभरात जवळपास ९०,००० लिटर पाणी उतरते. असा तलाव दोनदा भरेल इतके पाणी त्याच घराच्या माथ्यावर पडून गटारात जाते, ही तुलना कोणत्याही उपदेशाहून अधिक बोलकी आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे १३,९०० सरकारी विंधन विहिरींपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे राज्य सरकारने सांगितले, आणि मार्चमध्ये बेंगळुरू पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून उल्लंघनाला ५,००० रुपये दंड ठरवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन दररोज ७७.५ कोटी लिटरची भर पडली. पण शहराने या आधीच दुसरा मार्गही धरला होता. २००९ च्या कायदादुरुस्तीने ठरावीक आकारापुढील भूखंडांवर पावसाचे पाणी साठवणे किंवा मुरवणे सक्तीचे झाले, आणि बायोम एन्व्हायर्नमेंटल ट्रस्ट या संस्थेने शहरात दहा लाख पुनर्भरण विहिरींची मोहीम हाती घेतली. पुनर्भरण विहीर म्हणजे पाणी उपसण्याऐवजी छपरावरचे गाळलेले पाणी उथळ थरात उतरवण्यासाठी खोदलेली अरुंद विहीर. तिचा व्यास साधारण तीन फूट आणि खोली वीस ते तीस फूट असते. कब्बन उद्यानातील जुन्या विहिरी याच प्रयत्नांत साफ झाल्या व तेथे नव्या पुनर्भरण विहिरी खोदल्या गेल्या.

या कामासाठी शहराला पुन्हा मण्णु वड्डरांकडे जावे लागले. त्यांपैकी अनेक कुटुंबे सर्जापूर रस्त्याजवळील भोवीपाळ्यासारख्या वस्त्यांत राहतात. राज्यसीमेनुसार या समाजाची कायदेशीर ओळखही बदलते. कर्नाटकात भोवी व वड्डर अनुसूचित जातींत आहेत; महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींच्या यादीत आहेत, म्हणजे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः शिक्का मारला आणि १९५२ मध्ये ज्यांना त्यातून मोकळे केले, अशा समाजांत. एका राज्यात जे अनुसूचित जातींत गणले गेले आणि दुसऱ्या राज्याच्या नोंदीत जे गुन्हेगारीच्या खोट्या आरोपातून सुटले, त्याच लोकांच्या हातांनी दोन्ही प्रदेशांच्या विहिरी खोदल्या आहेत, आणि पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे कोठेतरी ठळकपणे नोंदवले पाहिजे.

आजच्या कामात एक माणूस खाली उतरून आखूड दांड्याच्या कुदळीने खोदतो, वरचे दोघे दोर व कप्पीने मातीची पाटी ओढतात, आणि उतरण्यासाठी भिंतीतच पाय ठेवण्याच्या खाचा कोरल्या जातात. हवेचा अंदाज घेतल्याशिवाय खोल उतरणे जिवावर बेतते, म्हणून अनुभवी माणूस पुढे असतो. ठरलेली खोली आली की सिमेंटची कडी एकावर एक बसवून त्यांच्या बाहेरच्या फटीत खडी भरतात आणि तोंडावर झाकण घालतात. मोबदला बहुधा खोलीच्या फुटावर ठरतो आणि कातळ लागला तर वेगळे बोलणे होते. बंगल्यांच्या तलावाची खोदाई जेसीबी काही तासांत करून मोकळी होते. तीन फूट व्यासाच्या तोंडातून मात्र यंत्राचे बकेट वीस फूट खाली जाऊ शकत नाही, आणि ज्या थरात पाणी मुरवायचे तो दाबून घट्ट न करता मोकळा ठेवावा लागतो. म्हणूनच बेंगळुरूत ही विहीर अजूनही हातानेच खोदली जाते, आणि तिचा ठेका बहुतेक वेळा आजही मालक व मेस्त्री यांच्यात तोंडीच ठरतो.